करिजिनीच्या घळी: पाच रात्री, उलटे ट्रेक आणि गार पाणी (पश्चिम ऑस्ट्रेलिया)

सांदणवेडी (धागा सुरू केला)

पर्थला राहायला आलेल्या मराठी कुटुंबांचं पहिल्या दोन वर्षांत रॉटनेस्ट बेट होतं, पिनॅकल्स होतात, मार्गारेट रिव्हर होते. करिजिनी राष्ट्रीय उद्यान मात्र "पुढच्या वर्षी नक्की"वर अडकून राहतं. आमचंही सहा वर्षं तेच झालं. कारण एकच, अंतर. पर्थपासून साधारण १४०० किलोमीटर, म्हणजे मुंबई ते दिल्ली. शेवटी या जुलैच्या शाळेच्या सुट्टीत (इथे तेव्हा हिवाळा) मी, नवरा आणि अकरा वर्षांची लेक असे गेलो आणि पाच रात्री राहून आलो. परत आल्यापासून ओळखीतले सगळे तेच तेच प्रश्न विचारताहेत, म्हणून एकदाच नीट लिहून ठेवते.

आधी शब्दाबद्दल. तिथल्या गॉर्जना मी मुद्दाम घळ म्हणतेय. दरी म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे कोकणकडा येतो, समोर सगळं मोकळं. इथे तसं नाही. गाडीतून दिसतं ते लाल माळरान, त्यावर स्पिनिफेक्स गवताचे काटेरी गोल झुपके आणि पांढऱ्या बुंध्याची स्नॅपी गम झाडं. घळ आहे हे काठावर जाऊन उभं राहीपर्यंत कळत नाही. मग एकदम पायाखाली जमीन चिरलेली असते, काही ठिकाणी १०० मीटर खोल, आणि तळाशी एवढी अरुंद की हात पसरले तर दोन्ही भिंतींना टेकतात. ज्यांनी साम्रदची सांदण केली आहे त्यांना लगेच समजेल.

प्रवास असा केला: पहिल्या दिवशी ग्रेट नॉर्दर्न हायवेने माउंट मॅग्नेट, दुसऱ्या दिवशी न्यूमन, तिसऱ्या दिवशी दुपारी डेल्सच्या कॅम्पग्राउंडवर. सूर्य मावळायच्या आत गाडी थांबवायची हा नियम आम्ही एकदाही मोडला नाही. संध्याकाळी कांगारू आणि कुंपण नसलेल्या कुरणांतली गुरं रस्त्यावर येतात. शिवाय पन्नास मीटरहून लांब रोड ट्रेन, म्हणजे मागे अनेक डबे जोडलेले ट्रक असतात, त्यांना ओव्हरटेक करायला अंधारात जाऊच नये. पंप दिसला की टाकी भरायची, काटा कुठेही असो.

आता मुख्य गोष्ट. सह्याद्रीत आपण आधी चढतो, गडावर डबा उघडतो, मग उतरतो. अंगात रग असते तेव्हा चढ आणि दमल्यावर उतार. इथे सगळं उलटं आहे. सकाळी ताजेतवाने असताना खाली उतरायचं, आणि दुपारी ओले, दमलेले, भुकेले असताना तापलेल्या खडकावरून वर यायचं. पहिल्या दिवशी आम्ही दोन घळी ठरवल्या होत्या. एकीतून वर आल्यावरच दुसरीचं नाव काढायची इच्छा उरली नाही. त्यानंतर एका दिवसाला एकच घळ असं ठरवलं आणि सहल खरी सुरू झाली ती तिथून.

डेल्स घळ सुरुवातीला करावी. लोखंडी जिन्याने खाली उतरलं की फोर्टेस्क्यू धबधबा, पायऱ्यापायऱ्यांच्या खडकावरून पसरत येणारा. तिथून थोडं वर चालत गेलं की फर्न पूल. भोवती अंजिराच्या जातीची झाडं आणि नेचे, वर फांद्यांना लटकलेली मोठी वटवाघळं, आणि हिरवं पाणी. हे स्थानिक आदिवासी समाजाचं पवित्र स्थान आहे. शांतपणे या, उड्या मारू नका, हळू पाण्यात उतरा अशी विनंती तिथे केलेली आहे. लेकीने विचारलं, इथे देव कुठे आहे? मी म्हटलं, आपल्याकडे देवराई असते ना, फांदीसुद्धा मोडत नाहीत, तसं. तिने एवढ्यावर समजून घेतलं आणि नंतर अर्धा तास एक शब्द न बोलता पोहत राहिली.

हॅन्कॉक घळ हा सगळ्यात अवघड आणि माझ्या मते सगळ्यात सुंदर भाग. इथल्या वाटांना १ ते ६ असे वर्ग आहेत. ६ म्हणजे दोर आणि प्रशिक्षित वाटाड्या हवाच. हॅन्कॉक ५ मध्ये येते. शिडीने उतरायचं, मग पाणी. कपारीला धरून कडेने जाता येतं किंवा सरळ पोहायचं. पुढे एक गोल रंगमंचासारखी मोकळी जागा, आणि मग "स्पायडर वॉक": घळ इतकी अरुंद होते की एक हात-पाय एका भिंतीला, दुसरे दुसऱ्या भिंतीला लावून खालच्या वाहत्या पाण्यावरून सरकायचं. शेवटी कर्मिट्स पूल. त्यापुढे वाटाड्याशिवाय बंदी.

आमची चूक इथे झाली आणि ती मोकळेपणाने सांगते. बाहेर छान ऊन होतं म्हणून लेकीला साध्या पोहण्याच्या कपड्यांत नेलं. घळीच्या तळाशी हिवाळ्यात ऊन जेमतेम पोचतं, पाणी बर्फासारखं. गोल जागेपर्यंत पोचेस्तोवर तिचे ओठ निळे झाले आणि दात वाजायला लागले. तिथेच तिला टॉवेलमध्ये गुंडाळलं, गूळ-शेंगदाण्याचा लाडू खायला दिला आणि मागे फिरलो. स्पायडर वॉक मी दुसऱ्या दिवशी, शेजारच्या तंबूतल्या दोघींबरोबर जाऊन केला. मुलांना नेणार असाल तर वेटसूट, म्हणजे गार पाण्यात ऊब टिकवणारा पोहण्याचा पोशाख, न्याच.

वीआनो घळीतल्या हॅन्डरेल पूलबद्दल, माउंट ब्रूसबद्दल आणि स्वयंपाकाबद्दल कुणी विचारलं तर लिहीन. हात दुखायला लागले.

मुठा_काठची

वाचताना अंगावर काटा आला. फर्न पूलचा परिच्छेद दोनदा वाचला. वीआनोबद्दल लिहा ना, अर्ध्यावर सोडू नका.

सांदणवेडी

लिहिते. वीआनोच्या वरच्या भागात नुसतं चालणं आहे, झाडं, उथळ डबकी. मग भिंती जवळ येतात, पाऊलवाट पाण्याखाली जाते, एका चिंचोळ्या फटीतून तुम्ही बाहेर डोकावता आणि खाली रांजणाच्या आकाराचं दालन. खडकात ठोकलेला लोखंडी कठडा धरून त्यात उतरायचं, म्हणून नाव हॅन्डरेल पूल. आम्ही पोचलो तेव्हा दुपारचे बारा वाजत आले होते. वरून उन्हाची एक पट्टी आली आणि समोरची भिंत जांभळी, मग विटकरी, मग केशरी झाली. वीस मिनिटांत संपलं. मी कॅमेरा काढलाच नाही. हरिश्चंद्रगडावर पुष्करणीपाशी पहाटे जे होतं तेच झालं, दुसरं काही सांगता येत नाही.

गारगोटी

मी निवृत्त भूगोल शिक्षक. मुलाकडे ऑस्ट्रेलियात असताना २०१८ मध्ये करिजिनी पाहिलं होतं. खडकाबद्दल थोडी भर घालतो, कारण ते न समजता तिथून परत येणं म्हणजे वेरूळला जाऊन शिल्पांकडे न बघता येणं.

आपला दख्खनचा काळा पाषाण साधारण साडेसहा कोटी वर्षांचा. करिजिनीचा पट्टेदार लोहखडक सुमारे २५० कोटी वर्षांचा. तो समुद्राच्या तळाशी साचला. त्या काळात हवेत प्राणवायू जवळजवळ नव्हता, त्यामुळे समुद्राच्या पाण्यात लोह विरघळलेलं राहत असे. सूक्ष्मजीव प्राणवायू सोडू लागले तसतसं ते लोह गंजलं आणि खाली बसत गेलं. एक थर लोहाचा, एक गारेच्या जातीचा, पुन्हा लोहाचा, असे हजारो. भिंतीवर दिसणारे लाल-करडे पट्टे म्हणजे ते थर. सांदणवेडीताई, तुम्ही ज्या भिंतीला हात लावून सरकलात तो त्या काळचा गंज आहे. पिलबारातल्या, म्हणजे करिजिनी ज्या प्रदेशात आहे तिथल्या, लोहखनिजाच्या खाणी याच खडकावर चालतात.

पाण्याने हा खडक त्याच्या भेगा धरून कापला. म्हणून घळी वळताना गोल वळत नाहीत, काटकोनात वळतात. ऑक्सर लुकआउटवर उभं राहिलं की वीआनो, हॅन्कॉक, जॉफ्रे आणि रेड या चार घळी एकमेकींना कशा भिडतात ते दिसतं. आणि पश्चिमेच्या टोकाला हॅमर्सली घळ आहे, तिथे हेच थर घडी घातलेल्या पातळासारखे दुमडलेले आहेत. ती पाहिलीत का?

सांदणवेडी

गारगोटीकाका, मनापासून आभार. लेकीला वाचून दाखवलं, तिने वहीत उतरवून घेतलं. हॅमर्सली राहिली. तिकडचा रस्ता कच्चा आहे आणि आमच्या भाड्याच्या गाडीला कच्च्या रस्त्यावर न्यायची परवानगी नव्हती. गाडी भाड्याने घेणाऱ्यांनी करारातलं हे कलम आधी वाचावं. कलामिना घळही याच कारणाने सुटली.

लोहमार्ग

मी पिलबारात खाणीवर काम करतो, दोन आठवडे तिकडे, एक आठवडा पर्थला घरी. उद्यानाजवळच्या टॉम प्राइस गावात राहणं असतं, त्यामुळे करिजिनी माझ्यासाठी रविवारची जागा आहे. धागा छान आहे, पण तीन गोष्टी ठळकपणे लिहाव्यात असं वाटतं.

पहिली, पाऊस. तुमच्या डोक्यावर निरभ्र आकाश असलं तरी वरच्या बाजूला पाऊस झाला असेल तर घळीत पाणी अचानक चढतं आणि बाहेर पडायला जागा नसते. २००४ च्या एप्रिलमध्ये हॅन्कॉक घळीत अडकलेल्या एका पर्यटकाला सोडवायला गेलेला बचाव पथकाचा स्वयंसेवक अशाच लोंढ्यात गेला. कर्मिट्सच्या पुढच्या डोहाला त्याचं नाव दिलं आहे. बचावाला येणारी ही माणसं आजूबाजूच्या गावांतली, नोकरी-धंदा सांभाळून येणारी असतात. पाय मुरगळला तरी तुम्हाला वर काढायला कित्येक तास लागतात. फोनला बहुतेक ठिकाणी रेंज नाही. उपग्रहाला संदेश देणारा बीकन जवळ ठेवा.

दुसरी, विटेनूम. उद्यानाच्या उत्तरेला हे गाव होतं. तिथे निळ्या अ‍ॅस्बेस्टॉसची खाण होती, १९६६ मध्ये बंद पडली. त्या धुळीने कामगार आणि त्यांची कुटुंबं मिळून दोन हजारांहून जास्त माणसं गेली असं मानलं जातं. गाव नकाशावरून काढलं, उरलीसुरली घरंही पाडली. काही जण अजून "भुताचं गाव" म्हणून फोटो काढायला जातात. जाऊ नका. उद्यानातल्या घळींतही कुठे निळसर तंतूंचा थर दिसतो, त्याला हात लावू नका, मुलांना खरवडू देऊ नका.

तिसरी, उन्हाळा. नोव्हेंबर ते मार्च चाळीसच्या वर तापमान आणि वादळांचा हंगाम. मे ते सप्टेंबर हाच काळ.

डोंगरभाऊ

मी थोडा वेगळा मुद्दा मांडतो. पाच रात्री जास्त वाटतात. आम्ही दोन रात्री राहिलो, चार घळी केल्या आणि पुढे एक्समाउथला समुद्रातलं निंगालू रीफ (प्रवाळ) बघायला गेलो. इतक्या लांब आल्यावर दोन्ही झालं पाहिजे. तरुण मंडळी असतील तर दिवसाला दोन घळी सहज होतात.

सांदणवेडी

डोंगरभाऊ, होतात, मान्य. पण आम्ही तिसऱ्या दिवशी पुन्हा डेल्समध्येच उतरलो, काही ठरवलेलं नव्हतं म्हणून तळाने सावकाश चालत राहिलो, आणि सहा फुटी अजगर एका कपारीत उन्हाची वाट बघत पडलेला दिसला. पिलबाराचा ऑलिव्ह पायथन. तासभर लांबून बघत बसलो. पहिल्या दिवशी त्याच कपारीवरून आम्ही भराभर गेलो होतो. दोन रात्रींत चार घळी करणाऱ्याला घळी दिसतात. मला तिथे राहणारे दिसावेत असं वाटत होतं. निंगालूसाठी वेगळी सुट्टी काढू.

मुठा_काठची

+१ सांदणवेडी. अजून कोणकोणते प्राणी दिसले?

सांदणवेडी

डिंगो रोज. कॅम्पवर रात्री येऊन जातात. अन्न, कचरा, अगदी चपलासुद्धा गाडीत ठेवायच्या. डोंगरउतारांवर राहणारे दणकट कांगारू, त्यांना तिथे युरो म्हणतात. आणि एक गंमत दिसली जी आधी कळलीच नव्हती: वाटेच्या कडेला बारीक खड्यांचे ढीग. वाटलं कुणी खडी टाकून ठेवली आहे. ते एका इवल्याशा उंदराचं घर असतं. तोंडात एकेक खडा धरून तो ढीग रचतो. ढिगावर पाय देऊ नका.

वसुधा_ठाणे

नमस्कार ताई. पुढच्या जुलैमध्ये पर्थला बहिणीकडे येतोय. सोबत सासू-सासरे आहेत, दोघंही सत्तरीच्या जवळ. सासऱ्यांच्या गुडघ्यांचा त्रास आहे, पण त्यांना फार हौस. ऑक्सरचा फोटो बघून ते म्हणाले मला एवढं बघायचंच. गाडीने दोन-तीन दिवस प्रवास त्यांना झेपणार नाही. तंबूत राहणंही कठीण. काही मार्ग आहे का?

सांदणवेडी

वसुधाताई, आहे. पर्थहून पॅराबर्डूला विमान जातं, दोन तासांच्या आत पोचतं, तिथून गाडी भाड्याने. टॉम प्राइस गावात मुक्काम केलात तर पक्कं छप्पर, दुकान, दवाखाना सगळं जवळ. उद्यानात राहायचं असेल तर जॉफ्रे घळीजवळ इको रिट्रीट आहे. ते गुमाला या आदिवासी संस्थेच्या मालकीचं आहे. तिथे पलंग असलेले तंबू मिळतात, जेवणाची सोय आहे आणि गरम पाण्याची आंघोळही.

सासऱ्यांना घळीत उतरवू नका. ऑक्सर, जॉफ्रे, नॉक्स या सगळ्यांचे कठडे वाहनतळापासून फार लांब नाहीत. डेल्सलाही काठाने सपाट वाट आहे, तिथून फोर्टेस्क्यू आणि सर्क्युलर पूल दोन्ही वरून दिसतात. मीही सर्क्युलर वरूनच पाहिला. आणि माहिती केंद्र चुकवू नका. गंजलेल्या पोलादी भिंतींची इमारत आहे, घोरपडीच्या आकाराची, त्या जमिनीच्याच रंगाची. बन्जिमा, कुरामा आणि इनावोंगा या तिथल्या मूळ समाजांच्या गोष्टी आत आहेत. १९९१ पर्यंत उद्यानाचं नाव हॅमर्सली रेंज होतं, करिजिनी हे त्या समाजांनी या मुलखाला दिलेलं नाव. सासऱ्यांना तिथे तास-दोन तास नक्की आवडेल.

लोहमार्ग

वसुधाताई, काकांना माउंट ब्रूसच्या पायथ्याचा पहिला टप्पाही जमेल. अर्धा किलोमीटर सपाट चालून गेलं की मारान्डूची खाण आणि खनिज नेणारी रेल्वे समोर दिसते. एकेक गाडी दोन किलोमीटरहून लांब. मी रोज बघतो तरी थांबतो.

पूर्ण चढाई मात्र दमवणारी आहे. त्याचं मूळ नाव पुनुरुन्हा, उंची १२३४ मीटर, म्हणजे कळसूबाईपेक्षा चारशे मीटर कमी, पण सावली नाही. जाऊन येऊन पाच-सहा तास. पहाटे अंधारातच निघायचं आणि माणशी तीन-चार लिटर पाणी न्यायचं.

एक मनातलं सांगतो. वरून एका बाजूला उद्यान दिसतं, दुसऱ्या बाजूला खाण. माझं घर त्या खाणीवर चालतं. २०२० मध्ये इथून फार लांब नसलेल्या जूकान घळीतल्या खडकगुहा खाणीसाठी सुरुंगाने उडवल्या गेल्या. ४६,००० वर्षं माणसांचा वावर असलेली जागा होती. बातमी आली त्या दिवशी आमच्या जेवणाच्या खोलीत कुणी बोललं नाही. तेव्हापासून फर्न पूलला गेलो की मी पाण्यात उतरत नाही. काठावर बसतो आणि येतो.

गारगोटी

लोहमार्ग, तुम्ही हे लिहिलंत ते बरं केलंत.

कोथरूडकर_सिडनी

शांततेवरून आठवलं. आम्ही गेलो तेव्हा फर्न पूलवर एक मोठा घोळका स्पीकर लावून बसला होता, हिंदी-मराठी गाणी, पाण्यात उड्या. एका वयस्कर आदिवासी बाईंनी येऊन हळू आवाजात सांगितलं, तेव्हा बंद झालं. मला तोंड वर करता येईना. देवळात आपण चपला काढतो, मग इथे का सुचत नाही?

सांदणवेडी

कोथरूडकर, हे वाचून वाईट वाटलं. म्हणूनच धाग्यात तो परिच्छेद मुद्दाम मोठा लिहिला होता. आपल्या मंडळाच्या सहलीच्या यादीत "स्पीकर आणू नये" ही ओळ घालायला मी सांगणार आहे.

डोंगरभाऊ

डेल्सच्या कॅम्पबद्दल कुणीच लिहिलं नाही अजून. पाणी आहे का तिथे?

सांदणवेडी

हो, तेवढं राहिलंच. डेल्सचं कॅम्पग्राउंड सरकारी, जागा ऑनलाइन आधी घ्यावी लागते आणि जुलैची कित्येक महिने आधी संपते. संडास आहेत, खड्ड्याचे पण स्वच्छ. आंघोळ नाही, वीज नाही, आणि पाणी तुम्हीच आणायचं. आम्ही साठ लिटर नेलं होतं, पाच रात्रींना तिघांना कमी पडलं. मधे एकदा माहिती केंद्राजवळच्या नळावरून भरून आणलं. शेकोटीला बंदी आहे, फक्त गॅस. म्हणून सगळा स्वयंपाक एका कुकरचा: मेतकूट-भात, मुगाची खिचडी, एक दिवस भाजणी नेली होती तिची थालीपिठं. ताटल्या पुसून मगच धुवायच्या म्हणजे पाणी वाचतं. लाल धूळ सगळ्यात शिरते, पांघरुणं प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवा. रात्री गारठा असतो, लोकरीचं काहीतरी हवंच.

आणि रात्री दिवे बंद करून खुर्ची बाहेर काढा. आकाशगंगा या क्षितिजापासून त्या क्षितिजापर्यंत. लेक पहिल्या रात्री ढग आले म्हणून हिरमुसली होती. ते ढग नव्हते.

वसुधा_ठाणे

ताई, लोहमार्ग, सगळ्यांचे आभार. घरात धागा मोठ्याने वाचला. पॅराबर्डूची तिकिटं बघतोय. सासरे म्हणताहेत तुम्ही तिघं घळीत जा, मी वर बसतो. माझा मुलगा दहा वर्षांचा आहे, त्याला डेल्समध्ये नेईन. वेटसूट इथून घेऊ की पर्थला?

सांदणवेडी

कुठूनच घेऊ नका. लेकीचा आहे, वर्षभरात तिला आखूड होईल, तुमच्या मुलाला बरोबर बसेल. पाण्यातले बूटही आहेत. पर्थला उतरलात की आमच्याकडे जेवायला या आणि घेऊन जा. सासऱ्यांसाठी घडीची खुर्चीही देते. ऑक्सरला ती लागेल, तिथून लवकर उठवत नाही.